लहानपणची आजारपणं आणि घडणारी प्रतिकारशक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि तालुक्याच्या गावी माझं क्लिनिक आहे. खालचे प्रश्न आईवडिलांनी, आज्यांनी, अंगणवाडीताईंनी तपासणीच्या टेबलाशी किंवा रात्री मोबाइलवर मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. लहानपणचं आजारपण चांगलं की वाईट, या एका प्रश्नाचे हे सगळे फाटे आहेत. त्याचं सरसकट उत्तर देता येत नाही. जंतू कोणता आणि तो कोणत्या वयात भेटला, यावर सारं ठरतं. कुठलंही उत्तर सुटं वाचलंत तरी चालेल. एक मात्र आधीच सांगते: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर हे वाचत बसू नका, बाळाला घेऊन डॉक्टरांकडे निघा.

१. बाळ जन्मतं तेव्हा त्याला प्रतिकारशक्ती नसतेच का?

असते, पण त्यातली बरीचशी उसनी असते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली आयजीजी जातीची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, वारेतून बाळाकडे येतात. पूर्ण दिवसांच्या बाळात त्यांचं प्रमाण आईच्या बरोबरीचं, कधी थोडं जास्तही असतं. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अर्धवटच मिळते. शिवाय आईला जे आजार होऊन गेले किंवा ज्यांच्या लसी तिने घेतल्या, त्यांचीच प्रतिपिंडं बाळाकडे येतात.

ही शिदोरी दर महिन्या-सव्वा महिन्याला जवळपास निम्मी होत जाते, आणि बाळाची स्वतःची प्रतिपिंडं तयार होण्याचा वेग संथ असतो. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पातळी सगळ्यात खाली येते. 'पाच-सहा महिने बाळ कसं छान होतं, मग कुणाची तरी नजर लागली,' असं आज्या सांगतात. त्यांचं निरीक्षण अचूक असतं. फक्त नजर कुणाची लागलेली नसते, आईची शिदोरी संपलेली असते.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, आयजीए प्रतिपिंडांनी भरलेला असतो. ही प्रतिपिंडं रक्तात न जाता बाळाच्या घशाला आणि आतड्याला आतून लेप दिल्यासारखी बसतात. काही घरांत चीक अजूनही पिळून टाकून देतात. कृपा करून टाकू नका.

आता बाळाच्या स्वतःच्या पेशींबद्दल. तान्ह्या बाळाच्या छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला की हृदयाच्या वरच्या बाजूला शिडासारखी एक सावली दिसते. नवशिक्या डॉक्टरला तो न्यूमोनिया वाटतो. ती असते थायमस ग्रंथी, टी-पेशी नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशी घडवणारी. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, पण बाळपणी छातीतली मोठी जागा तिने अडवलेली असते. तिथून बाहेर पडणाऱ्या बहुतेक पेशी कोऱ्या पाटीच्या असतात. त्यांची संख्या भरपूर असते, अनुभव मात्र नसतो. आणि नवजात बाळाची यंत्रणा मुद्दाम सौम्य ठेवलेली असते. नऊ महिने आईच्या पोटात राहताना तिने तिथे भांडण काढून चालत नाही आणि जन्मानंतर आतड्यात मुक्कामाला येणाऱ्या अब्जावधी जिवाणूंनाही सामावून घ्यायचं असतं.

२. माझं मूल दर पंधरा दिवसांनी आजारी पडतं. वर्षाला किती वेळा सर्दी-खोकला होणं ठीक आहे?

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-पडसं होणं नेहमीचं आहे. पाळणाघरात जाणाऱ्या किंवा घरात शाळकरी दादा-ताई असलेल्या मुलाला दहा-बारा वेळाही होतं. एक सर्दी दहा ते चौदा दिवस रेंगाळते. एक आई भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आली होती, प्रत्येक आजारी दिवसावर लाल फुली. जून ते फेब्रुवारी निम्मं पान लाल. आम्ही दोघींनी बसून मोजलं, तर नऊ सर्द्या निघाल्या. मधल्या दिवसांत मूल जेवत होतं, खेळत होतं आणि वजनाची रेघ कार्डावर नीट वर चढत होती. एवढं पुरेसं होतं.

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. एकट्या रायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत आणि एकाची ओळख दुसऱ्याच्या वेळी फारशी कामी येत नाही. मुलाला हे सगळे एकेक करून भेटायचेच असतात. काळजी कधी करायची ते प्रश्न १५मध्ये सांगितलं आहे.

३. प्रत्येक आजारपणाने प्रतिकारशक्ती वाढते ना?

'वाढते' हा शब्दच गोंधळात टाकतो. व्यायामाने दंड भरतात तशी प्रतिकारशक्ती आजारपणाने भरत नाही. एखादा जंतू येऊन गेला की त्याला ओळखणाऱ्या बी आणि टी जातीच्या पांढऱ्या पेशींपैकी काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. पुढच्या वेळी त्या पटकन कामाला लागतात. ही ओळख त्या जंतूपुरतीच असते. कांजिण्या येऊन गेल्या म्हणून गालगुंड टळत नाही.

काही जंतूंची ओळख जन्मभर टिकते, गोवराची तशी टिकते. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची टिकत नाही, तो त्याच मुलाला पुन्हा पुन्हा गाठतो. आणि एक जंतू असा आहे जो जाताना जुन्या ओळखी पुसून जातो (प्रश्न ८). प्रत्येक तापाचं 'चला, शक्ती वाढली' म्हणून स्वागत करणं म्हणूनच मला पटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, जंतुसंसर्ग वेळेत ओळखून उपचार केले. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९मध्ये प्रसिद्ध झालं. तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग म्हणजे काय, ते या आकड्यात दिसतं.

४. मग 'फार स्वच्छतेमुळे अ‍ॅलर्जी होते' हे कुठून आलं?

१९८९मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने मार्च १९५८च्या एका आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती पाहिली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची अ‍ॅलर्जी कमी. त्याने अंदाज मांडला की भावंडांकडून लहानपणीच संसर्ग होत असल्याने असं घडत असावं. यालाच पुढे स्वच्छतेचा सिद्धांत म्हणू लागले.

नंतरच्या अभ्यासांनी तो बराच बदलला, आणि ती बातमी मात्र घरोघरी पोचली नाही. लंडनच्या ग्रॅहम रूक यांनी २००३च्या सुमारास 'जुने मित्र' ही कल्पना मांडली. आपल्याला शिकवतात ते गोवर, न्यूमोनियासारखे आजार नव्हेत. माणूस हजारो वर्षं ज्यांच्या सहवासात राहिला ते माती, जनावरं आणि आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू शिकवतात. कशावर तुटून पडायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, हा विवेक यंत्रणेला त्यांच्याकडून मिळतो. अ‍ॅलर्जी म्हणजे याच विवेकाची चूक.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज. मूळ युरोपातलं, खाणंपिणं सारखं, कुटुंबं मोठी. आमिश लोक घराला लागून असलेल्या गोठ्यात जुन्या पद्धतीने जनावरं पाळतात आणि मुलं त्यात लुडबुडत वाढतात. हटराइट लोकांची शेती यंत्रांची, घरापासून दूर. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के होतं. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या अवशेषांचं प्रमाण जवळपास सातपट होतं. ती धूळ उंदरांच्या नाकात घातली तर त्यांचाही दमा टळला.

आमिश मुलं जास्त आजारी पडून दम्यातून सुटली, असं या अभ्यासातून निघत नाही. त्यांच्या रोजच्या श्वासात गोठा होता, एवढंच निघतं.

५. म्हणजे मुलाला माती खाऊ द्यायची? गावी नेऊन गोठ्यात सोडायचं? कच्चं दूध द्यायचं?

मातीत खेळू द्या. अंगणात, शेतात, गुरांजवळ जाऊ द्या. सुट्टीत गावी नेणं छानच. पण अभ्यासांत दिसलेला फायदा मुख्यतः आईच्या गरोदरपणापासून आणि पहिल्या एक-दोन वर्षांत रोज गोठ्याशी संबंध असलेल्या मुलांचा आहे. मे महिन्यातल्या पंधरा दिवसांत तो मिळेल असं समजू नका.

माती खाणं वेगळं. त्यातून जंत होतात आणि मूल सारखं माती खात असेल तर बहुतेक वेळा त्याचं लोह कमी असतं, रक्त तपासा. कच्च्या दुधाचा आणि कमी अ‍ॅलर्जीचा संबंध युरोपातल्या काही अभ्यासांत दिसला आहे, तरी माझं उत्तर ठाम 'नाही' आहे. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार आणि गुरांचा क्षय येतो. दूध उकळा. आणि शौचानंतर, जेवणाआधी हात साबणाने धुवा. 'जुन्या मित्रां'चा दाखला देऊन हात धुणं सोडू नका. हात न धुतल्याने पोटात जातात ते मित्र नसतात.

६. पाळणाघरात लवकर घालावं की उशिरा? तिथे सारखं आजारी पडतं.

अमेरिकेतल्या टुसॉन शहरात हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. पहिल्या सहा महिन्यांत पाळणाघरात गेलेल्या किंवा घरात मोठी भावंडं असलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी छातीत घरघर जास्त झाली, पण सहा ते तेरा वर्षांच्या वयात कमी. कॅनडातल्या क्युबेकमध्येही असंच दिसलं. अडीच वर्षांच्या आत मोठ्या गटाच्या पाळणाघरात गेलेली मुलं तेव्हा जास्त आजारी पडली, शाळेत गेल्यावर घरी राहिलेल्यांपेक्षा कमी. थोडक्यात, आजारपणांचा हिशेब आज ना उद्या चुकता होतो.

म्हणून नोकरी करणाऱ्या आईने पाळणाघराबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नये. पण 'प्रतिकारशक्तीसाठी' म्हणून तीन महिन्यांच्या बाळाला मुद्दाम गर्दीत ठेवायचं कारणही नाही. त्या वयातला प्रत्येक ताप गंभीर मानावा लागतो. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला पहिलं वर्ष शक्य तितकं गर्दीपासून लांब ठेवा.

७. बाळाची छाती भरली होती, ॲडमिट करावं लागलं. आता याला बाळदमा होणार का?

हा प्रश्न विचारताना आईचा चेहरा कसा झालेला असतो ते मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षात श्वासनलिकांच्या अगदी बारीक फांद्या सुजतात, त्याला ब्राँकियोलायटिस म्हणतात. बहुतेक वेळा तो आरएसव्हीमुळे होतो. स्वीडनमधल्या एका छोट्या पण दीर्घ अभ्यासात, आरएसव्हीमुळे रुग्णालयात राहिलेल्या ४७ बाळांपैकी ३० टक्क्यांना साडेसात वर्षांच्या वयापर्यंत दमा झाला. बरोबरीच्या इतर मुलांत तो ३ टक्क्यांना झाला. पुढे अमेरिकेतल्या मॅडिसनमध्ये आईवडिलांना अ‍ॅलर्जी किंवा दमा असलेल्या बाळांचा अभ्यास झाला. पहिल्या तीन वर्षांत रायनोव्हायरसच्या सर्दीबरोबर घरघर झालेल्यांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळपास दहापट होती, आरएसव्हीची घरघर झालेल्यांना अडीचपट.

विषाणूने दमा दिला, की दम्याकडे झुकलेली फुप्फुसं विषाणूने उघडी पाडली? नेदरलँड्समध्ये थोड्या कमी दिवसांच्या बाळांना आरएसव्हीविरुद्ध तयार प्रतिपिंडं टोचून पाहिली. पहिल्या वर्षातली घरघर स्पष्ट कमी झाली. पण सहाव्या वर्षी फुप्फुसांची ताकद मोजली तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणून दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असाव्यात, असं मी मानते.

तुमच्या हातात काय आहे? घरात कुणीही बिडी-सिगारेट ओढायची नाही. गच्चीत जाऊन ओढली तरी कपड्यांवर धूर येतो. चुलीचा, अगरबत्तीचा, डासांच्या कॉइलचा धूर बाळापासून दूर ठेवा. अंगावरचं दूध चालू ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, लहानपणी घरघर झालेल्या बहुतेक मुलांची घरघर सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबते.

८. गोवर येऊन गेल्यावर मूल पुढे सारखं आजारी पडतं, हे खरं की योगायोग?

खरं आहे. 'गोवर अंगात मुरला' असं म्हातारी माणसं म्हणतात, त्यामागे पिढ्यांचं पाहणं आहे.

गोवराचा विषाणू ज्या खुंटीला धरून पेशीत शिरतो, ती खुंटी नेमकी स्मृतिपेशींवर असते. तो त्यांनाच मारतो. पुरळ जातं, ताप उतरतो, पण आधी शिकलेल्या जंतूंची ओळख पुसली गेलेली असते. १९०८मध्येच फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरने पाहिलं होतं की क्षयाची त्वचाचाचणी आधी पॉझिटिव्ह असलेली मुलं गोवरात निगेटिव्ह होतात. शंभर वर्षांनी त्याचा नीट उलगडा झाला. नेदरलँड्समध्ये २०१३च्या साथीत लस न घेतलेल्या ७७ मुलांचं आजाराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं. त्यांच्या प्रतिपिंडांच्या संग्रहातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. लस घेतलेल्या मुलांत असं काही झालं नाही. लोकसंख्येच्या आकडेवारीत हा परिणाम दोन-तीन वर्षं जाणवतो. गोवर येऊन गेलेली मुलं त्या काळात इतर संसर्गांनी जास्त दगावतात.

दोन वर्षांच्या आत गोवर आलेल्या काही थोड्या मुलांत तर विषाणू मेंदूत दडून राहतो आणि अनेक वर्षांनी, मूल शाळेत जायला लागल्यावर, मेंदू हळूहळू निकामी करतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही.

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत सुरू झालेली साथ आठवत असेल. कोविडच्या काळात लसी राहून गेलेली मुलं त्यात सापडली. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. एक डोस देऊन थांबू नका. आणि पुरळ आलेल्या मुलाला घरी ठेवून अंगारा लावत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे न्या. अ जीवनसत्त्वाचे डोस वेळेत दिले तर धोका बराच कमी होतो.

९. लसीपेक्षा नैसर्गिक आजाराची प्रतिकारशक्ती पक्की असते ना? आणि इतक्या लसींचा भार नाही का पडत?

काही आजारांत नैसर्गिक ओळख जास्त पक्की असते, हे मान्य. पण ती मिळवायला आधी तो आजार झेलून जिवंत राहावं लागतं. गोवराच्या बाबतीत त्याची किंमत काय असते ते वर वाचलंतच. भाराचं म्हणाल, तर बाळाच्या नाकातोंडातून रोज जेवढे जंतू जातात, त्यांच्यापुढे कार्डावरच्या सगळ्या लसींतले घटक मिळूनही किरकोळ आहेत. कमी दिवसांच्या बाळालाही लसी जन्मतारखेच्याच हिशेबाने द्यायच्या, प्रसूतीची तारीख धरून पुढे ढकलायच्या नाहीत.

१०. कांजिण्या, कावीळ लहानपणीच होऊन गेलेल्या बऱ्या, मोठेपणी त्रास होतो. मग आजारी मुलाजवळ मुद्दाम पाठवू का?

इथे 'कोणता जंतू, कोणतं वय' हे सूत्र सगळ्यात ठळक दिसतं.

दूषित पाण्यातून येणारी कावीळ, हिपॅटायटिस ए. सहा वर्षांच्या आत ती झाली तर बहुतेकांना कळतही नाही. मोठ्या माणसाला डोळे पिवळे होऊन महिनाभर अंथरूण धरावं लागतं. पूर्वी आपल्याकडे जवळपास सगळ्यांनाच ती नकळत होऊन जायची. आता चांगल्या घरातली, गाळलेलं पाणी पिणारी मुलं तिला न भेटता मोठी होतात आणि हॉस्टेलला गेल्यावर आजारी पडतात. एपस्टीन-बार विषाणूचंही तसंच. बाळपणी साधा ताप, विशीत मात्र सुजलेल्या गाठी आणि महिनाभराचा थकवा. पोलिओची गोष्ट तर पूर्ण उलट्या वळणाची. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत स्वच्छता वाढली, बाळांना तो आईच्या प्रतिपिंडांच्या छायेत भेटेनासा झाला, उशिरा भेटू लागला आणि लकव्याच्या मोठ्या साथी आल्या.

आता दुसरी बाजू. हिपॅटायटिस बी हा यकृताचा दुसरा विषाणू जन्मताना आईकडून आला तर १०० पैकी ९० बाळांत तो कायमचा घर करतो, कारण कोवळी यंत्रणा त्याला परका मानतच नाही. मोठ्या माणसात हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. म्हणून त्या लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. कांजिण्या एक वर्षाच्या आत झाल्या तर त्या मुलाला लहान वयातच नागीण उठण्याची शक्यता वाढते.

तेव्हा मुद्दाम पाठवू नका. किती विषाणू अंगात जाईल हे तुमच्या हातात नसतं, आणि शेजारी गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांचंही नुकसान. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए, दोन्हींच्या लसी खासगी दवाखान्यात मिळतात. परवडत असेल तर द्या.

११. अँटिबायोटिकने प्रतिकारशक्ती कमी होते का?

थेट नाही, पण आतड्यातली वस्ती उधळते. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंसाठी. आई बाळाबरोबर त्याच्या पाहुण्यांनाही जेवू घालते. हेच जिवाणू यंत्रणेला शांतपणा शिकवतात. पहिल्या वर्षी अँटिबायोटिक जास्त झालेल्या मुलांत पुढे दमा जास्त दिसतो. त्यातला काही भाग, दम्याच्या सुरुवातीलाच चुकून अँटिबायोटिक दिलं गेल्याचाही असतो.

विषाणूच्या सर्दीत ते देऊ नये. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असं नाही. मागच्या वेळची उरलेली बाटली घरच्या घरी पुन्हा काढू नका. पण न्यूमोनियात, नवजात बाळाच्या संसर्गात ते जीव वाचवतं. तिथे 'जिवाणू मरतील' म्हणून कचरू नका आणि कोर्स पुरा करा.

१२. बाळगुटी, मध, प्रतिकारशक्तीची सिरपं?

सहाणेवर वेखंड-जायफळ उगाळणाऱ्या आजीची माया मला दिसते. पण पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, सहाणेबरोबर जंतू जातात. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम हा लकवा आणणारा आजार होऊ शकतो. सिरपांवर पैसे घालवू नका. त्याच पैशांत अंडी, डाळ, शेंगदाणे येतात.

१३. जितके जास्त जुलाब होतील तितकं पोट पक्कं होतं, असं गावाकडे म्हणतात.

यात एक धागा खरा आहे. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये काही नवजात बाळांना रोटाव्हायरसचा संसर्ग झाला, पण जुलाब झाले नाहीत. आणि ती बाळं पुढे रोटाव्हायरसच्या जुलाबांपासून बऱ्यापैकी सुरक्षित राहिली. त्याच विषाणूपासून आपली 'रोटाव्हॅक' लस तयार झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या ग्रामीण भागात झाली. २०१६पासून ती सरकारी लसीकरणात आहे.

आता दुसरा धागा. वेल्लोरच्या वस्त्यांतल्या बाळांत एका संसर्गाने मिळणारं संरक्षण मेक्सिकोतल्या बाळांपेक्षा खूप कमी निघालं. तोंडावाटे दिलेली रोटाव्हायरसची लसही आपल्याकडे तीव्र जुलाब सुमारे ५५ टक्केच रोखते, श्रीमंत देशांत ती याहून बरीच जास्त रोखते. सतत जंतू जाणाऱ्या आतड्याचं अस्तर कायम सुजलेलं राहतं, अन्न नीट शोषलं जात नाही, उंची खुंटते आणि लसही कमी लागू पडते. आजारांचा मारा फार झाला तर यंत्रणा शिकेनाशी होते, थकून जाते. अर्धी का होईना, संरक्षण देणारी ही लस आपल्याला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त हवी आहे, कारण मारा आपल्याकडेच जास्त आहे.

१४. पहिला फ्लू, पहिला डेंगी यांचा जन्मभर परिणाम राहतो असं ऐकलं.

फ्लूचं आधी. आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या फ्लूची छाप यंत्रणेवर कायम राहते. अमेरिकेतल्या थॉमस फ्रान्सिस यांनी १९६०मध्ये याला 'प्रतिजनाचं मूळ पाप' म्हटलं (प्रतिजन म्हणजे जंतूवरची ओळखखूण). १९६८मध्ये जगात फ्लूचा घराणेबदल झाला. त्याआधी जन्मलेल्यांना एच-५-एन-१ या बर्ड फ्लूपासून बऱ्यापैकी संरक्षण असतं, नंतर जन्मलेल्यांना एच-७-एन-९ या दुसऱ्या बर्ड फ्लूपासून, असं २०१६मध्ये दाखवलं गेलं. ऑगस्ट २००९मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. त्या साथीत जगभर तरुण माणसं जास्त सापडली आणि साठीपुढची कमी, कारण त्यांना लहानपणी त्याच घराण्यातला विषाणू भेटला होता.

डेंगीचं उलटं. पहिल्या संसर्गाची अर्धवट प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकारच्या डेंगीला पेशीत शिरायला मदत करतात, म्हणून दुसरा डेंगी जास्त धोक्याचा. याचा एक विचित्र अपवाद तान्ह्यांत दिसतो. आईला पूर्वी डेंगी झाला असेल तर तिची प्रतिपिंडं पहिले काही महिने बाळाला वाचवतात. साधारण सहा ते नऊ महिन्यांत ती इतकी विरळ होतात की वाचवत तर नाहीतच, उलट विषाणूला वाट दाखवतात. त्यामुळे या वयात पहिलाच डेंगीही तीव्र होऊ शकतो. पावसाळ्यात सात-आठ महिन्यांच्या बाळाला ताप आला आणि ते निपचित पडू लागलं, हातपाय गार लागले, उलट्या थांबेनात, तर ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. ताप उतरतानाच धोका वाढतो.

१५. मग नेमकी काळजी कधी करायची? प्रतिकारशक्तीतच जन्मजात दोष आहे हे कसं ओळखायचं?

सर्द्यांची संख्या मोजून ते कळत नाही. पुढच्यापैकी दोन गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत 'प्रतिकारशक्तीची तपासणी करायची का?' असं विचारा. वर्षात दोन किंवा जास्त वेळा न्यूमोनिया. वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं. दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक न पडणं. वजन-उंची न वाढणं. त्वचेत किंवा आतल्या अवयवांत पुन्हा पुन्हा गळवं. वर्षाच्या पुढेही तोंडात पांढरी बुरशी हटत नसणं. बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची, जखम चिघळून गाठी पसरत जाणं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, जी एनआयआयएच या नावाने ओळखली जाते, या दोषांच्या खास तपासण्या होतात. तुमच्या डॉक्टरांना तिथे नमुना पाठवता येतो.

आणि घरात, नात्यात आधी एखादं बाळ पहिल्या वर्षात संसर्गाने गेलं असेल, विशेषतः आईच्या माहेरी मुलगे असे गेले असतील, तर ते लपवू नका. काही गंभीर दोष आईकडून मुलग्यांकडे येतात. अशा बाळाला बीसीजी आणि तोंडावाटे देण्याच्या जिवंत लसी देण्याआधी रक्त तपासावं लागतं, आणि बीसीजी तर जन्मल्या-जन्मल्याच टोचतात. म्हणून ही गोष्ट प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. सासरी सांगायचा संकोच वाटत असेल तर एकटीने येऊन सांगा. आम्ही कागदावर लिहून ठेवतो.